चार बोटांची दुमड

मास्तरांच्या वहीत एकही मूल त्याच्या खऱ्या मापाचं नव्हतं.

एकेचाळीस वर्षं ते शाळांचे गणवेश शिवत आले. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या म्हाताऱ्या गुरूंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मूल आज आहे तेवढं राहत नाही, कापड राहतं. तेव्हा माप आजच्या मुलाचं घेऊ नकोस, पुढच्या वर्षीच्या मुलाचं घे. आणि वाढ घालायची ती लिहितानाच घाल. कापताना घालीन म्हणशील आणि नेमका त्याच दिवशी विसरशील." मास्तरांनी ते शब्द गाठीशी बांधले. टेप लावायची, आकडा बघायचा, आणि पेन्सिल टेकवेपर्यंत त्यात वाढ मिळवून मोकळं व्हायचं. उंचीत चार सेंटिमीटर, छातीत दोन, आणि फ्रॉक असला तर खाली चार बोटांची दुमड. मूल वाढलं की आई फ्रॉक घेऊन यायची, मास्तर दुमड उसवून इस्त्री फिरवायचे, आणि तोच फ्रॉक आणखी एक वर्ष चालायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, मास्तरांकडचा कपडा पहिल्या वर्षी झोळी, दुसऱ्या वर्षी कपडा.

एकेचाळीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाच मोडला होता. टपालवाल्याचा सात वर्षांचा मुलगा तापाने गेला, तेव्हा त्याची आई दुकानात आली आणि म्हणाली, "शाळेचा गणवेश हवा. त्याला बसेल असा. ढगळ नको." मास्तरांनी वही उघडली, त्याच्या मापातून वाढ वजा केली आणि कापड कापलं. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही शिवलं नाही.

दुकान खाली, घर वर. खालची खोली लांबट, मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनी, आणि दाराशी त्यांच्या पत्नीची खुर्ची. काजं-बटणांचं सगळं काम त्या बाईंचं. जीभ सुईसारखी, पण बटण असं लावायच्या की शर्ट फाटावा, बटण निघू नये. मुलगा या धंद्यात आला नाही, तो मालाची गाडी चालवायचा. कुणी कारण विचारलं की म्हणायचा, "लहानपणी बाबांनी शिवलेले सगळे कपडे मला बसायला लागले तोवर फाटलेले होते. मला हा धंदा कधी झेपलाच नाही." सून दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, सगळ्यांच्या वेळा लिहून घ्यायची.

आणि नात. वय वर्षं नऊ. आजीने तिचं नाव बटण ठेवलं होतं, कारण जन्मली तेव्हा तेवढीच होती. पुढे घरातले ते नाव हळू आवाजात घेऊ लागले, कारण बटण वाढेना. तिच्या किडन्या जन्मापासून कमजोर होत्या. औषधांच्या वेळा, पाण्याचं मोजमाप, मीठ नको, हे नको, ते नको, हे सगळं तिने मुकाट्याने सोसलं. वर्षभर हॉस्पिटलच्या भिंतीवरचा काटा एकशे सोळावर अडून बसला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी वाढीची इंजेक्शनं सुरू केली. रोज संध्याकाळी एक. म्हणाले, "पाच-सहा महिन्यांनी उंची मोजू. वाढली तर चालू ठेवू. नाही वाढली तर उगाच टोचण्यात अर्थ नाही. आणि हो, घरी रोज मोजत बसू नका, वेड लागेल." सुनेने त्याच दिवशी घरी येऊन दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या.

पहिल्या इंजेक्शनला बटणने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा बापाने सौदा केला. दीडशे इंजेक्शनं न रडता घेतलीस तर मोठ्या पार्कला जायचं. तिथेच रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहायचं.

"गरुड आहे तोच पार्क?" बटणने डोळे पुसत विचारलं.

"तोच."

गरुड म्हणजे तिथला सगळ्यात उंच पाळणा. वर्गातल्या तिघी त्यात बसून आल्या होत्या, आणि सांगताना प्रत्येक वेळी तो आणखी उंच होत होता.

त्या दिवसापासून बटणने कापायच्या टेबलाच्या कडेला शिंप्याच्या खडूने रेघा ओढायला घेतल्या. एक इंजेक्शन, एक रेघ. मास्तर टेबल पुसताना तेवढी कड सोडून पुसायचे.

एकशे चाळिसावी रेघ उमटली त्या रविवारी सकाळी पार्कचा नकाशा टेबलावर पसरला गेला. एका टोकाला इस्त्री, दुसऱ्या टोकाला मोठी कात्री ठेवून तो ताणून धरला होता. सून एका हातात वही घेऊन बसली. कधी निघायचं, औषधं कोणत्या पिशवीत, इंजेक्शनांचा थंड डबा कुठे ठेवायचा, खोलीत फ्रिज आहे की नाही हे फोन करून विचारायचं, दुपारी दोन तास झोप, मग पाण्याची घसरगुंडी.

"मी त्या छोट्या आगगाडीत बसणार," आजी म्हणाली. "दोनदा."

"आई, ती लहान मुलांची आहे."

"मग काय झालं? बटणला मांडीवर घेईन, म्हणजे कुणी विचारायचं नाही."

"मी मांडीवर बसणार नाही," बटण म्हणाली. "मी गरुडात असेन. तुम्ही खालून हात हलवायचा. आजोबा, तुम्ही पण."

"मी टोपी हलवीन," मास्तर म्हणाले.

"तुमच्याकडे टोपी कुठे आहे?"

"शिवीन की!"

सगळे हसले. फक्त सून हसली नाही. तिने नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली होती. गरुडासाठी उंची किमान एकशे वीस. जी मुलं त्याहून कमी, त्यांच्या मनगटाला लाल पट्टी. बाकीच्यांना हिरवी. ती ओळ तिने अंगठ्याखाली झाकून ठेवली होती. जावं की जाऊ नये, याचा घोळ तिच्या मनात महिनाभर चालला होता. दाराशी नेऊन मुलीला मागे फिरवायचं, त्यापेक्षा न नेलेलं काय वाईट? आणि दीडशे इंजेक्शनांचा शब्द तरी मोडायचा कसा?

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मुलगा दुकानात बसून फोनवर फॉर्म भरत होता. शाळा उघडायला दोन आठवडे उरले होते, मास्तर मुलींच्या गणवेशातल्या एका पिनाफोरच्या चुण्या बसवत होते आणि त्यांच्या ओठांत सात टाचण्या होत्या. सून नुकतीच दवाखान्यातून येऊन चहाचा कप हातात घेऊन उभी होती. बटण टेबलाखाली चिंध्यांचं घर करत होती.

"बाबा, मुलांची उंची विचारतायत," मुलगा म्हणाला. "बटणचं माप घेतलंत ना परवा गणवेशाचं? वहीत असेल."

मास्तरांनी मान हलवली. हो, होतं. मुलाने वही ओढली, पानं उलटली. जन्मात ज्याने ती वही उघडली नव्हती, त्याने त्या दिवशी उघडली.

"एकशे वीस," त्याने वाचलं आणि फॉर्ममध्ये टाकलंसुद्धा. "झालं. हिरवी पट्टी."

कप बशीवर वाजला. "किती?" सून म्हणाली.

"एकशे वीस. हे बघ ना. बाबांचंच अक्षर आहे."

मास्तरांनी हात वर केला. ते एकेक टाचणी ओठांतून काढू लागले. एक, दोन, तीन. चौथी काढेपर्यंत सुनेने टेबलाखाली वाकून बटणला बाहेर ओढलं होतं. "चार! चार सेंटिमीटर! अगं, वाढलीस तू! बटण, वाढलीस!" तिने मुलीला उचलून गरकन फिरवलं. कप कलंडला, चहा टेबलावर अजून पसरलेल्या नकाशातल्या तळ्यावर सांडला, आणि गेल्या वर्षभरात जिचा आवाज कधी चढला नव्हता ती सून लहान मुलीसारखी ओरडत होती. मग ती बटणच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. मुलगा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता.

सातही टाचण्या मास्तरांच्या तळहातावर होत्या. तोंड मोकळं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं. पत्नीची सुई काजात अडकून थांबली होती आणि त्या चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या. दोघांनाही माहीत होतं. वहीतली वरची ओळ गेल्या वर्षीची होती. तिथेही एकशे वीसच लिहिलेलं होतं.

संध्याकाळी दुकान बंद करताना मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो."

"आजच सांगा."

"आज हसली गं ती."

"म्हणूनच आज सांगा. उद्या आणखी हसेल." मग दोऱ्याची रिळं डब्यात भरत बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. माझ्या तोंडात काय होतं? मीसुद्धा नाहीच बोलले."

तो उद्या आलाच नाही. बुधवारी सुनेने मुलीसाठी नवे मोजे आणले. गुरुवारी दवाखान्यातल्या बायकांना सांगून आली. शुक्रवारी जेवताना म्हणाली, "परतल्यावर लगेच हॉस्पिटलची तारीख आहे. डॉक्टरांचा चेहरा बघायचाय मला." आणि स्वतः होऊन आणखी एक घास घेतला. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्यात भात घातला.

सांगायचं धाडस नाही, तर मग हाताला जे येतं ते करायचं. शनिवारी दुपारी त्यांनी कॉलरला लावायचं जाड बकरम काढलं, बटणच्या उंच बुटांच्या तळव्यांच्या आकाराचे तुकडे कापले, एकावर एक थर रचले, मध्ये जाड लोकरीचा नमदा घातला आणि मोठ्या सुईने शिवून टाकले. एवढं सफाईदार काम त्यांनी कधी केलं नसेल, आणि एवढं लपून तर कधीच नाही.

"आजोबा, बुटात काहीतरी आहे," दीडशेवी रेघ ओढून झाल्यावर, निघायच्या सकाळी बटण म्हणाली.

"गादी आहे. चालून पाय दुखतील ना."

"मला झाडावर चढल्यासारखं वाटतंय."

"छान आहे की मग."

पार्कचं दार दहाला उघडलं. आत शिरताच पट्ट्या बांधायची खिडकी होती आणि खिडकीपाशी लाकडी जिराफ. त्याच्या मानेवर आकडे रंगवले होते. निळी टोपी घातलेली एक मुलगी हसून म्हणाली, "ये गं, जिराफाला पाठ लाव." बटण ताठ उभी राहिली. हनुवटी वर, डोळे मिटलेले. सून फोन धरून फोटो काढायला सज्ज.

"बूट काढायचे हं, राणी."

मास्तर पुढे झाले. "अहो, राहू द्या की, परत बांधायला वेळ लागतो."

"काका, नियम आहे. सगळ्यांनाच काढायला लावतो."

बटणने खाली बसून नाड्या सोडल्या. बूट उलटा झाला आणि आतली गादी फरशीवर पडली. पांढऱ्या बकरमची, अंगठ्याएवढी जाड, चहूबाजूंनी बारीक धावदोरा. त्या घरात असा टाका एकाच माणसाचा होता. सून वाकली, ती उचलली, बोटांत धरून दाबून बघितली. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"एकशे सोळा," टोपीवाली म्हणाली, आणि चेहरे बघून घाईने पुढे, "लाल पट्टीवाल्यांना खूप पाळणे आहेत हं! होड्या आहेत, आगगाडी आहे..."

"एकशे सोळा तर हॉस्पिटलमध्येच होतं," बटण म्हणाली. तिने एकेकाकडे पाहिलं. ओठ थरथरले, पण दीडशे वेळा न रडायची सवय झाली होती. तिने हात पुढे केला. "घट्ट बांधू नका. त्या हाताला सुई टोचतात."

बाप तिला होड्यांकडे घेऊन गेला. आजी मागोमाग गेली. गरुड त्यांच्या डोक्यावरून किंचाळत गेला, तेव्हा बटणने वर बघितलं नाही.

सून आणि सासरे एका बाकावर बसून राहिले. गादी तिच्या मांडीवर होती.

"कधीपासून माहीत होतं, बाबा?"

"तोंडात टाचण्या होत्या तेव्हापासून."

"मग काढल्यावर?"

मास्तरांनी नजर गादीवर ठेवली. मग एकेक करून सगळं सांगितलं. गुरूंचं सांगणं, पेन्सिल टेकण्याआधीची वाढ, वरची ओळ. ती ऐकत होती. समोरून फुगे घेतलेली माणसं जात होती.

"मी दवाखान्यात सगळ्यांना पेढे... नाही, पेढे नाही वाटले," ती म्हणाली. "वाटणार होते. परतल्यावर." आणि मग गादी बोटांत फिरवत, "आठ दिवस मी झोपले हो नीट. त्याचा राग करू की त्यासाठी तुमच्या पाया पडू, तेच कळत नाहीये मला."

दुपारी रिसॉर्टच्या खोलीत बटण झोपली. पाण्यात खेळलेला तिचा फ्रॉक गॅलरीच्या कठड्यावर वाळत होता. पिवळा, बारीक फुलांचा. मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. सून आली, फ्रॉकचा खालचा काठ हातात घेतला आणि उलटा केला. आत चार बोटांची दुमड, कोरी, कापडाचा मूळ रंग जसाच्या तसा. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने फिकटलं होतं. आतलं कालच ताक्यावरून उतरल्यासारखं.

"ही कधीच उसवली नाही?"

"नाही."

"किती वर्षं झाली या फ्रॉकला?"

"तीन."

तिने त्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "नऊ वर्षांची आहे ती. आणि आपण तिला कुणा दुसरीचे कपडे घालतोय. अजून न आलेल्या." मग वळून म्हणाली, "घरी गेलो की तिला एक फ्रॉक शिवा, बाबा. तिच्या मापाचा. आहे तेवढ्याच उंचीचा. आत काही नको."

"तसं नको म्हणू." मास्तर खुर्चीतून उठलेच. "मुलाचं कापड मी तसं कापत नाही."

"का?"

"एकदाच कापलंय."

टपालवाल्याची गोष्ट तिला ठाऊक होती. गावात सगळ्यांना होती. तिचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "ते गेलेल्या मुलासाठी होतं. ही आत झोपलीय. घोरतेय बघा. हिला कधी शिवणार?"

दुसऱ्या दिवशी आजी आगगाडीत दोनदा बसली, बटणला शेजारी बसवून, मांडीवर नाही. बटण होड्यांत नऊ वेळा बसली. गरुडाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, फक्त निघताना गाडीच्या मागच्या काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

हॉस्पिटलच्या भिंतीवर आकडा तोच निघाला. इंजेक्शनं थांबली. डॉक्टर म्हणाले, आता दुसरं काही बघू, आणि ते दुसरं काय ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मास्तरांनी निळ्या सुती कापडाचा ताका टेबलावर टाकला. बटणला स्टुलावर उभं केलं, टेप लावली. पेन्सिल वहीवर टेकायच्या आधी हात आपोआप थांबला, मिळवणी करायला. बाई दारातून बघत होत्या. मास्तरांनी लिहिलं, एकशे सोळा. छाती, कंबर, बाही, जशीच्या तशी. मग खडूने रेघा ओढल्या. कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. पाणी प्यायले. पुन्हा उचलली.

"कापा आता," बाई म्हणाल्या. "मी बटणं काढून ठेवलीत."

कापताना त्यांचे डोळे भरून आले आणि रेघ दिसेना, म्हणून दोनदा थांबावं लागलं. संध्याकाळी, पूर्वी इंजेक्शन द्यायच्या वेळी, फ्रॉक तयार झाला.

बटणने घातला. बाह्या मनगटाशी संपत होत्या, बोटांपाशी नाही. खांदा खांद्यावर होता. कंबर कंबरेशी. ती आरशासमोर उभी राहिली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. हात वर केले, तरी काही वर गेलं नाही, काही खाली घसरलं नाही.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"तुझाच तर."

"नाही, आजोबा. बाकीचे मी मोठी झाल्यावरचे होते." ती गोल फिरली आणि घेर तिच्याभोवती फिरला. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, जिथे पूर्वी पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि तोंडावर हात दाबून बघत होती.

टेबलावर निळ्या कापडाची लांब पट्टी उरली होती. चार बोटं रुंद. एरवी ती फ्रॉकच्या आत गेली असती.

"ही कशाची?" बटणने विचारलं.

बाईंनी ती पट्टी उचलली, हाताने सारखी केली, घडी घातली आणि वहीत बटणच्या पानावर ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "लागली तर जोडता येते. जोड दिसेल, पण जोडता येते."

मास्तरांनी वही मिटली. टेबलाची ती दीडशे रेघांची कड त्यांनी त्या दिवशीही पुसली नाही.